साळूबाईचा सत्कार

२०२३ साली हनुमान जयंतीच्या सप्ताहात, काल्याचं कीर्तन झाल्यावर, साळूबाई नावाच्या बाईचा साडीचोळी देऊन सत्कार झाला. या साळूबाईला गावात कोणी पाहिलं नव्हतं. पाहणार कसं? ती सत्यशीलाबाईंनी सोमवारी दुपारी, चहा निवेपर्यंतच्या वेळात तयार केली होती.

सत्यशीलाबाई जामखेडकडच्या त्या गावात एकतीस वर्षं मास्तरीण होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी 'सोमवारचं पान' सुरू केलं. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला जाई आणि मागे म्हातारी माणसं उरत. कुणाची म्हैस व्याली, आडाला पाणी किती हात आहे, कुणाच्या आईचा ताप उतरला, हे सगळं बाई वळणदार अक्षरात एका कागदावर लिहीत. झेरॉक्सच्या दुकानातली ज्योती त्याचा फोटो काढून ऊसतोड टोळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकी, आणि एक प्रत पिठाच्या गिरणीत चिकटवी.

पान आवडतं की नाही, हे मात्र कळत नसे. ग्रुपवर अंगठे येत, पण त्या ग्रुपवर मयताच्या बातमीलाही अंगठे येत. बाई आडात दोरी सोडून पाणी मोजून येत, रात्रीतून गुडघे सुजत, आणि सोमवारी चार अंगठे. ऐंशी पानं झाली तरी एक ओळीचं पत्र आलं नाही. एक्याऐंशीव्या सोमवारी बाईंनी स्वतःच एक लिहिलं आणि वाचकाचं पत्र म्हणून पानावर उतरवलं.

"बाई, तुमचं पान मी उशाशी ठेवते. वाचून जिवाला बरं वाटतं. आपला स्नेह असाच राहो. तुमची, साळूबाई." खरं वाटावं म्हणून एक तक्रारही घातली, की पावसाचं कमी लिहिता.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर तेवीस निरोप होते. सगळे साळूबाईला.

टोळीचा मुकादम रामहरी बाईंचाच विद्यार्थी. त्याने आवाजातला निरोप पाठवला, की साळूबाईला आमच्या टोळीचा रामराम सांगा, लई मनातलं बोलली. टोळीतल्या बायांना वाटलं, साळूबाई मागे गावात राहिलेली कुणाची तरी चुलती असणार. गावातल्यांना वाटलं, ती कुठल्या तरी टोळीत गेलेली सून असणार. लग्नात बायकांची नावं बदलतात, त्यामुळे कोणती बाई कोणत्या नावाची, याची खात्री कुणालाच नव्हती. चौकशी कोणी केली नाही.

बाईंनी तिथेच थांबायला हवं होतं. पण लोक पान वाचू लागले होते. दुसऱ्या पत्रात साळूबाईचे गुडघे दुखू लागले, कारण बाईंचे दुखत होते. आठ दिवसांत टोळीकडून टेम्पोवाल्याच्या हाती निर्गुडीच्या तेलाची बाटली आली, 'साळूमावशीला द्यावी' म्हणून. बाईंनी चार दिवस ती कपाटात ठेवली. पाचव्या दिवशी लावली. गुण आला, आणि त्याची बाईंना जास्तच लाज वाटली.

मार्चअखेर टोळ्या परतल्या, तोवर साळूबाईची चार पत्रं झाली होती. सप्ताह कमिटीत ठरलं, की गावाला बांधून ठेवणाऱ्या साळूबाईचा सत्कार करायचा. रामहरी स्वतः सांगायला आला. बाई म्हणाल्या, तिला असलं आवडणार नाही. तो म्हणाला, "बाई, तुमी फकस्त निरोप द्या. बाकी आमी बघतो."

तो गेल्यावर बाई तशाच बसून राहिल्या. याच रामहरीला तिसरीत त्यांनी 'मी खोटे बोलणार नाही' असं शंभर वेळा लिहायला लावलं होतं. त्याने चुलत्याच्या बोरीची बोरं तोडली होती आणि नाही म्हणाला होता. बोटं दुखून रडला, तरी बाईंनी एक ओळ सोडली नव्हती. आता त्याच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं. सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं.

काल्याचा दिवस उजाडला. कीर्तन झालं, लाह्या वाटल्या. रामहरीने माईक घेतला आणि साळूबाईंनी पुढं यावं असं म्हणाला. टोळीतल्या बायांनी गावातल्या बायांकडे पाहिलं, गावातल्यांनी टोळीतल्यांकडे. कोणीच उठेना.

सत्यशीलाबाई उठल्या. माईककडे निघाल्या.

"साळूबाई..." एवढंच त्या म्हणाल्या.

"आले की," मागून आवाज आला. "जरा दम खा."

शेजारची रंगुबाई माणसांतून वाट काढत आली. वय पंच्याहत्तर, कमरेत वाकलेली.

"रंगुआजी, तुमी?" रामहरी म्हणाला.

"म्हायेरी साळूच म्हनायचे मला. लग्नात बदललं नाव. तवा तू हुतास का?"

"पन तुमाला लिवता कुठं येतं?"

"मी सांगते, मास्तरीनबाई लिवतात. व्हय की न्हाई ओ?"

सगळं गाव बाईंकडे बघू लागलं. बाईंनी मान हलवली. ती हो अशीच हलली.

दोघी मिळून घराकडे निघाल्या. मग बाईंनी विचारलं, "माहेरचं नाव खरंच साळू?"

"कुठलं. चंपा."

"मग कशाला उठलात?"

"तुमचं त्वांड बघितलं. शाळंत खडू चोरलेली पोरं उभी ऱ्हायची तसं दिसत हुतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्याच पत्राला. ज्योती दर सोमवारी पान वाचून दावती मला, दुकानात. 'आपला स्नेह आसाच राहो' आसं आपल्या गावात कोन बोलतंय, बाई?"

"तेव्हाच का नाही बोललात?"

"पान बंद केलं आसतं तुमी. मला सोमवारचं दुसरं काय हाय?"

दोघींच्या घरांच्या मधे फक्त काट्याकुट्यांचा एक कूड होता. ऐंशी सोमवार बाई वाचक शोधत होत्या, आणि रंगुबाईला एकदाही हाक मारून त्यांनी पान वाचून दाखवलं नव्हतं. खोट्या पत्राहून ही लाज त्यांना अधिक बोचली.

पुढच्या हंगामात ऊस तोडणारं यंत्र आलं आणि रामहरीची टोळी मोडली. त्याने जामखेड रस्त्याला चहाचं हॉटेल टाकलं. गल्ल्यामागे साळूबाईची चारही पत्रं फ्रेम करून लावली आहेत, म्हणून बाई तिथे चहा पीत नाहीत. ज्योतीचं लग्न झालं. ती नागापूरला कारखान्याच्या ऑफिसात आहे, आणि बाईंच्या पानाला तिथूनही अंगठे पाठवते. रंगुबाई सत्काराची साडी फक्त सोमवारी नेसते आणि बाईंच्या दारावरून दोनदा जाते.

सत्यशीलाबाईंनी गुपचूप एक दोनशे पानी वही आणली आणि 'मी खोटे लिहिणार नाही' असं शंभर वेळा लिहायला बसल्या. बासष्टाव्या ओळीला दारात रंगुबाई आली. अंगावर सत्काराची साडी होती.

"घ्या लिवायला, मास्तरीनबाई," ती पाट ओढत म्हणाली. "साळूचा गुडगा आता बरा हाय. पन सुनंशी तिचं पटंना झालंय."

बाईंनी पान उलटलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं.