डावा सासऱ्यांचा, उजवा जावयाचा

डॉक्टरीणबाई गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून, औषधांची बॅग पाठीला लावून अंगणात उभ्या होत्या आणि गाडी हलायचं नाव घेत नव्हती. सुरू होत होती, पण चालत नव्हती. हिसके द्यायची, ठसकायची, अंगणभर निळा धूर करायची आणि बंद पडायची. इकडे टेकडीवरच्या गोठ्यात गवळ्याची गाय अडली होती. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाई पोचेपर्यंत वासरू गेलं होतं. गवळी ते विसरलाही असेल, पण त्या विसरल्या नव्हत्या.

टेकडीच्या वाटेवर दुसरं कुठलंही वाहन टिकत नाही. तिथे ही चार जाड चाकांची, मोटरसायकलसारख्या हँडलची टू-स्ट्रोक एटीव्हीच लागते. तिला दोन सिलिंडर आणि दोन सिलिंडरांना पेट्रोलात हवा मिसळून देणारे दोन कार्ब्युरेटर. दोन्हींचं सेटिंग एकसारखं असलं तर गाडी सुरेख पळते. नसलं तर एक सिलिंडर पुढे ओढतो, दुसरा मागे. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. अडचण एवढीच, की कार्ब्युरेटरांची वाटणी झाली होती. डावा सासऱ्यांचा, उजवा जावयाचा.

सासरे, म्हणजे डॉक्टरीणबाईंचे वडील, कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. जावई तंत्रनिकेतनात इंजिनं शिकवणारे मास्तर. अशी दोन माणसं एका छपराखाली ठेवू नयेत, पण लेक एकुलती एक, ठेवणार कुठे? पेट्रोलमध्ये ऑईल किती मिसळायचं यावरून दोघांची जुंपली. फोरमन म्हणाले, ऑईल घालताना हात आखडता घेऊ नये. मास्तर म्हणाले, असा सैल हात असलेल्यांनीच आजवर प्लग काळे केले. त्या दिवसापासून अबोला. बोलणं बंद, पण गाडीला हात लावण्याचा हक्क दोघांनाही सोडवेना, म्हणून ही वाटणी. शहाणी माणसं भांडली की असली अक्कल सुचते.

"सांग तुझ्या नवऱ्याला," फोरमन डाव्या बाजूला उकिडवे बसून म्हणाले, "माझी बाजू तयार आहे. हवेचा स्क्रू पूर्ण आवळून एक फेरा सोडलाय. एकच. इंजिनाला हवा कमी द्यावी, पेट्रोल पोटभर द्यावं."

"तुझ्या बाबांना सांग," मास्तर उजव्या बाजूने म्हणाले, "मी दोन फेरे सोडलेत. पेट्रोल जास्त पाजलं की इंजिन गुदमरतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं."

दोघांच्या नाकांमध्ये हातभर अंतर होतं.

"मी कुणालाही काहीही सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघं मिळून एक आकडा ठरवा. कुठलाही. गाय थांबणार नाहीये."

"कुठलाही कसा?" हे मात्र दोघांनी एकदमच विचारलं आणि मग त्याचाही दोघांना राग आला.

फोरमननी मग उजव्या प्लगची टोपी काढली आणि नुसत्या डाव्या सिलिंडरवर इंजिन चालवून दाखवलं. व्यवस्थित चाललं. "बघ, दोष कुणाकडे आहे ते." मास्तरांनी ती टोपी बसवली, डावी काढली आणि नुसत्या उजव्यावर चालवून दाखवलं. तेही व्यवस्थित. "आता तूच ठरव." दोघंही खरे होते, हाच तर सगळा वैताग होता. दोन्ही टोप्या बसवल्या की गाडी पुन्हा धापा टाकायची.

तेवढ्यात गवळ्याचा फोन आला आणि डॉक्टरीणबाई बोलायला वळल्या. गाडी बंद पडते म्हणजे ती मंद चालते, या एका मुद्द्यावर दोघांचं न बोलता एकमत झालं. फोरमननी आपल्या बाजूचा स्लो स्पीडचा स्क्रू वाढवला. पलीकडे मास्तरांनी आपला वाढवला. अबोला असल्यामुळे कुणी कुणाला कळवलं नाही. फोरमननी किक मारली. इंजिनाने एवढी रेस घेतली की खिडकीची तावदानं थरथरली. त्या गाडीला गिअर नव्हते, रेस वाढली की चाकं आपोआप फिरायची. ती फिरली. गाडी चालकाविना निघाली, वाळत घातलेली चादर अंगावर घेतली, फुलझाडांच्या दोन कुंड्या आडव्या केल्या आणि फाटकाला जाऊन भिडली.

डॉक्टरीणबाईंनी धावत जाऊन इंजिन बंद केलं. फोन कानालाच होता.

"नाही हो, अपघात नाही," त्या गवळ्याला म्हणाल्या, "घरचीच माणसं आहेत."

मग त्या वळल्या. "एक मुकं जनावर वर जिवाच्या आकांताने ओरडतंय आणि तुम्ही दोघं फेरे मोजताय. लाज वाटत नाही?"

"मी तर एकच सोडला होता," फोरमन पुटपुटले.

डॉक्टरीणबाईंनी चादर ओढून काढली आणि गाडी होती तशीच दामटली. रेस वाढलेली असल्याने निदान बंद तरी पडेना. चढाच्या निम्म्यावर मात्र तिने मान टाकली. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी आधी वडिलांना आणि नवऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या. मग बॅगेतल्या कात्रीचं टोक घालून दोन्ही बाजूंचे हवेचे स्क्रू पूर्ण आवळले आणि दोन्ही दीड-दीड फेरा सोडले. दीडच का? तर एक आणि दोनच्या मध्ये दीड येतो म्हणून. स्लो स्पीडचे दोन्ही स्क्रूही सारखे फिरवून उतरवले. त्यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं, निव्वळ संताप होता.

गाडी एका किकेत सुरू झाली आणि पार गोठ्यापर्यंत एका सुरात चढली. वासरू पायाळू होतं. खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी ते वळवलं, ओढलं, आणि ते श्वास घ्यायला लागलं तेव्हा त्या शेणातच बसल्या आणि थोडं रडल्या.

परत आल्या तेव्हा गाडीचा आवाज ऐकून दोघंही फाटकाशी आले होते. दोघांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, प्रत्येकाला वाटत होतं आपलीच बाजू बोलतेय.

"वासरू वाचलं," त्या म्हणाल्या. "आणि स्क्रू मी फिरवलेत. दोन्हीकडे दीड. कुणीही हात लावायचा नाही."

त्या अंघोळीला गेल्या. डोक्यावर पाणी घेताना बाहेरचं बोलणं कानावर आलं. दोन आवाज होते आणि ते एकमेकांशी बोलत होते.

"दीड? हा काय आकडा झाला, मास्तर?"

"तेच म्हणतोय मी, बाबा. अंदाजपंचे सगळं. त्यापेक्षा तुमचा एक बरा होता. त्याला काही विचार तरी होता."

"छे छे, माझं सोडा. तुमचं शिक्षण आहे, दोनच योग्य."

डॉक्टरीणबाईंनी तांब्या खाली ठेवला. किती तरी दिवसांनी नवरा त्यांच्या वडिलांना 'बाबा' म्हणाला होता. त्यांचा राग निम्मा उतरला, आणि त्या जरा जास्तच वेळ न्हाणीघरात रेंगाळल्या.

बाहेर आल्या तोच फोन वाजला. नदीपलीकडे एक म्हैस फुगली होती, ताबडतोब यायला हवं होतं. त्या ओल्या केसांनीच अंगणात आल्या. सासरे-जावई एकाच फडक्याला हात पुसत उभे होते.

"बाबांचा शब्द मोडवेना," मास्तर म्हणाले. "उजवा मी एकवर आणला."

"आणि मी डावा दोनवर नेला," फोरमन कौतुकाने जावयाकडे पाहत म्हणाले. "माणसानं कधीतरी दुसऱ्याचं ऐकावं."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग हात पुढे केला.

"स्क्रू ड्रायव्हर द्या इकडे. आणि आत जाऊन बसा दोघं," त्या दात आवळून म्हणाल्या. "आत जा, आणि बोलत राहा."