अर्जावरची मिशी

“अर्ज समदेच करत्यात. पर अर्जासंगं मानूस कुनी धाडलाय का? मी धाडनार!”

रावजीने ही घोषणा केली तेव्हा त्याची पत्नी रंभाबाई भाकरी थापीत होती. तिने हात थांबवून नवऱ्याकडे आपादमस्तक पाहिले.

“म्हंजे? तुमी टपालात बसून जानार व्हय?”

“फोटू गं, फोटू! अर्जाला माजा फोटू डकवनार.”

“नोकरी हाताला लागती का तोंडाला?”

“ही नोकरी तोंडालाच लागती!”

गिरणीच्या भोंग्यावर साऱ्या सोलापुराने उठावे, जेवावे आणि निजावे, असे ते दिवस होते. घड्याळ असलेच तर ते भिंतीच्या शोभेसाठी. छायाचित्र ही तर त्याहून अपूर्वाईची वस्तू. नोकरीच्या अर्जात नाव, गाव, परीक्षा आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ एवढे लिहिले की उमेदवार कृतकृत्य होई. त्याच्या मुखकमलाची चौकशी कोणी करीत नसे.

परंतु रावजीचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. गिरणीला हवा होता फाटकावरचा हजेरी-कारकून. आधीचा कारकून इतका सौम्य प्रकृतीचा होता की उशिरा येणारे कामगार त्याच्या मुलाबाळांची ख्यालीखुशाली विचारीत विचारीत आत शिरत. आता असा पुरुष हवा होता, की ज्याला दुरून पाहूनच पाय आपोआप झपझप उचलावेत. सातवी पास झालेले आणि देखणे अक्षर असलेले तरुण गावात पुष्कळ होते. रावजीसारखी मिशी मात्र एकालाही नव्हती.

काय ती मिशी! नाकाखाली दोन विंचू पाठीला पाठ लावून, नांग्या वर उगारून बसले आहेत असा भास होई. ती त्याच्या काकांकडून आलेली. कोंडीबाकाका कुर्डुवाडीला रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते. आता पेन्शनीत निघाले होते. आईबापाविना पोरक्या झालेल्या रावजीला त्यांनीच खांद्यावर बसवून वाढविले. ती मिशी म्हणजे त्या घराण्याची एकुलती एक इस्टेट म्हणावी.

अखेर रावजी उसना कोट घालून शिवयोगींच्या स्टुडिओत जाऊन बसला. शिवयोगी काळ्या कापडात डोके खुपसून ओरडले, “सुम्म, गप बसा हो! हसू नका!”

“मी कुटं हसालोय?”

“मग मिशी का हलालीय?”

“तिला आनंद झालाय, अप्पा!”

छायाचित्र मात्र अप्रतिम निघाले. अर्जासोबत ते गिरणीत पोचले आणि काही दिवसांतच मुलाखतीचे बोलावणे आले. बोलावणे आणणारा पट्टेवाला म्हणाला, “ईश्वरप्पांनी तुमचा फोटू टेबलावर उभा करून ठिवलाय. थोरल्या सायबालाबी दावला. येईल त्याला म्हनत्यात, ‘हे बघा आपलं फाटक!’”

ईश्वरप्पा म्हणजे गिरणीचे हेडक्लार्क. त्यांचे ‘हो’ म्हणजे नोकरी पक्की. रावजीने त्या दिवशी मिशीला दोनदा तूप लावले.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मल्लप्पा दारात येऊन उभा राहिला. तो कुर्डुवाडीचा रेल्वेतला खलाशी, काकांचा शेजारी. त्याची मान खाली होती.

“रावजी, काका गेले बगा.”

“कुटं गेले?”

मल्लप्पाने नुसतेच आकाशाकडे बोट केले. रावजी मटकन खाली बसला आणि त्याने असा हंबरडा फोडला की गल्लीतले हातमाग थांबले.

“समदं उरकलंय,” मल्लप्पा घाईने म्हणाला, “तुमी आता धावू नका.” मग तो जवळच उकिडवा बसला. त्याला आणखी काही सांगायचे होते. पण ते रडणे आटोपल्यावरच सांगायचे होते. रडणे काही केल्या आटोपेना! त्याला पुढे होटगीला जायचे होते आणि तिकडे स्टेशनात होटगीच्या गाडीची शिट्टी झाली. मल्लप्पाची चुळबुळ वाढली. “परतताना येतो, मग सांगतो!” असे पुटपुटत तो पळाला. ते कोणाच्या कानी पडले नाही.

काकांना मूलबाळ नव्हते. पुत्राच्या ठिकाणी रावजीच. त्याने न्हाव्याला बोलावणे धाडले, तेव्हा रंभाबाईने डोळे पुसून हलक्या आवाजात विचारले, “डोकं आज काढा. मिशी उद्या मुलाखत झाल्यावर काढली तर न्हाय का चालनार? त्या मिशीवर नोकरी हाय.”

रावजीने मिशीवरून एकवार हात फिरविला. रंभाबाई खोटे बोलत नव्हती. घरात पीठ असे तेव्हा मीठ नसे.

“काकानं मला खांद्यावर वाडवलं,” तो म्हणाला, “आन म्या त्यांच्यापाई मिशीबी सोडू नये व्हय?”

वस्तरा फिरला. दोन्ही विंचू जमिनीवर पडले. उरले ते तुळतुळीत डोके, सुजलेले डोळे आणि कधी ऊन न पाहिलेला, दुधावरच्या सायीसारखा पांढरा ओठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरप्पांनी आधी छायाचित्राकडे पाहिले, मग समोरच्या मूर्तीकडे.

“हे कोण?”

“मीच की, सायेब.”

“मग तुम्ही कोण?”

“मीबी मीच!”

“मिशी कुठं आहे?”

“काढली, सायेब. काका वारलं.”

“अस्सं! मिशी बघून आम्ही बोलावणं धाडलं, आणि नेमके त्याच वेळी काका वारले?” ईश्वरप्पांचा स्वर चढला. “एकाचा बिल्ला लावून दुसऱ्यानं आत यायचं, हे रोज बघतो मी फाटकावर! आता फोटूतही तेच?”

“आईशपत मीच हाय!”

“फोटूवाल्याला बोलवा!”

शिवयोगींना दुकानातून उचलून आणण्यात आले. त्यांनी रावजीला समोरून न्याहाळले, बाजूने न्याहाळले, आणि मान हलविली. “सांगता येत न्हाय बगा.”

“अप्पा! तुमीच काढलाय की फोटू!”

“काढलाय हो! पर माझ्या काचेत मानूस खाली डोकं, वर पाय असा दिसतोय. सरळ मानूस मी कवा निरखून बगतो?”

असे म्हणून त्यांनी रावजीकडे पाठ केली, कमरेत वाकून डोके गुडघ्यांमधून काढले आणि उपरणे वरून पांघरले. कचेरीतल्या कारकुनांनी माना वाकविल्या. ईश्वरप्पांचीही मान, पदाची प्रतिष्ठा विसरून, हळूहळू तिरपी होऊ लागली.

“हां! नाक तेच हाय!” उपरण्यातून आवाज आला. “कानबी तेच! पर मिशीबिगर जिम्मा घ्येत न्हाय!”

एवढ्यात दार धाडकन उघडले.

“रावज्या!”

दारात तीच मिशी उभी होती! तेच दोन विंचू, त्याच नांग्या. केवळ रंग करडा. शिवयोगी त्याच अवस्थेत ओरडले, “आला! फोटूतला मानूस आला!” आणि तोल जाऊन उताणे पडले.

रावजीने डोळे चोळले. “काका? तुमी... वर न्हाय गेला?”

“पॅशिंजरनं आलो की! घरी गेलो तर रंभा भूत म्हनून किंचाळली. मग म्हनली, तुमी मेला म्हनून त्यांची मिशी गेली, आदी गिरनीत पळा!”

ईश्वरप्पांनी टेबलाचा आधार घेतला. “हे कोण?”

“काका, सायेब.”

“ते वारलेले?”

“व्हय... म्हंजे, न्हाय...”

“वा! साक्षीला मयत आणलं!”

कोंडीबांनी हात जोडले. “उंबऱ्यावर बसलो हुतो, सायेब, तर कावळा डोसक्यावर बसला. लई वंगाळ. आमची कारभारीन सोजरा म्हनली, मेल्याची खोटी खबर धाडा. आपलं मानूस रडलं की मरान टळतंय. मल्लप्पाला म्हनलं हुतं, रडून झालं की खरं सांग. त्यो काल न सांगताच परतला, तवा म्या सोताच आलो.” मग ते पुतण्याकडे वळले. “रड म्हनलं हुतं रं! मिशी काढ कुनी म्हनलं तुला?”

रावजी हसतही होता आणि रडतही होता. काकांनी त्याच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरविला. त्यांना पुढे रागावता आले नाही.

ईश्वरप्पांनी घसा साफ केला. “आमच्या अव्वाच्या, म्हणजे आईच्या, डोक्यावर बसला होता एकदा कावळा. सगळं अक्कलकोट रडलं होतं.” ते क्षणभर थांबले. “म्हणजे नोकरी जाईल हे ठाऊक असून तुम्ही मिशी काढलीत?”

“व्हय, सायेब.”

ईश्वरप्पांनी छायाचित्र उचलून कोंडीबांच्या मुखाशेजारी धरले. “साहेबांनी मंजूर केलंय ते हे तोंड. दुसरं मी फाटकावर उभं करू शकत नाही.”

“पर मला लिवाय येत न्हाय, सायेब,” कोंडीबा घाबरून म्हणाले.

“लिहायला हा आत बसेल. याची मिशी येईपर्यंत तुम्ही याचे बदली!”

गिरणीत एकाच्या जागी दुसऱ्याने राबणे नवे नव्हते. मिशीला बदली देण्याचा मात्र तो पहिलाच प्रसंग असावा. फाटकावर कोंडीबा उभे राहत आणि खिडकीमागे रावजी हजेरी मांडी. त्या करड्या मिशीला पाहून भोंग्याआधीच फाटक भरून जाई. कचेरीच्या दारावर मात्र एक सूचना लागली: ‘अर्जासोबत छायाचित्र जोडू नये.’

सोजराबाईही सोलापुरास राहावयास आली. कुर्डुवाडीच्या उंबऱ्यावर दिवस मोजणारे काका आता पहाटे उठून बिल्ला घासू लागले, पोरासोरांत थट्टा करू लागले. त्यांचे वय दहा वर्षांनी उतरले, असे सारी गल्ली म्हणे.

काही आठवड्यांनी रावजीच्या ओठावर काळी रेघ दिसू लागली. काकांनी ती पाहिली. त्या रात्री त्यांनी बिल्ला शेवटचा घासून फडक्यात बांधून ठेवला.

दुसऱ्या दिवशी रावजी भोंग्याआधीच कोपऱ्यावरच्या न्हाव्यापुढे जाऊन बसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसला. त्याच्यापुढच्याही आठवड्यात तोच प्रकार झाला, तेव्हा न्हाव्याला राहवेना.

“रावजी, दर खेपेला मिशी काढताय. कोन गेलं हो?”

“कुनी न्हाय,” रावजीने गाल फुगवून ओठ पुढे केला. “समदी हायती. कर गुळगुळीत.”