लामदुआनच्या गाडीवरचा कर्णा

लामदुआनला राग यायला फारसं काही लागत नसे, पण त्या सकाळी कारण भक्कम होतं. आदल्या दिवशी कुणीतरी तिच्या भाजी-मांस-मासळीच्या फिरत्या पिकअपपाशी उभं राहून 'हे बघा, पैसे गेले' म्हणत फोन दाखवला होता आणि किलोभर डुकराचं मांस घेऊन पसार झाला होता. पैसे काही आले नाहीत. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. गाडी हाकायची, पिशव्या बांधायच्या की लोकांच्या फोनमध्ये डोळे घालून बसायचं, असं ती जावयावर ओरडली, जणू फोनचा शोध त्यानेच लावला होता.

"आई, आता तुमचा फोनच बोलेल," जावई वीरायुत म्हणाला. "पैसे आले की नाव आणि रक्कम मोठ्याने सांगेल."

"इंजिनाच्या घरघरीत मला काय डोंबल ऐकू येणार?"

म्हणून जावयाने फोन थेट टपावरच्या कर्ण्याला जोडून दिला. याच कर्ण्यावरून ती रोज 'पपई घ्या, मासे घ्या' पुकारत असे. मधे वायरबियर काही नव्हती. एवढं करून जावई भाताच्या गिरणीत कामावर निघून गेला.

पहिला थांबा सरपंचांच्या दारात. सरपंचीणबाई विलाईवान यांनी नेहमीप्रमाणे सगळी भाजी चिवडली आणि नाळीच्या भाजीची एक जुडी घेतली. त्यांनी फोनवरून पैसे भरताच टपावरून यंत्रातल्या बाईचा गोड आवाज पार शेतापर्यंत गेला. "श्रीमती विलाईवान यांच्याकडून वीस बाट मिळाले."

"एवढं गावभर ओरडायचं काय कारण?"

"मिळाले ते मिळाले म्हणते बिचारी," लामदुआन म्हणाली. कित्येक दिवसांत तिला एवढं बरं वाटलं नव्हतं.

पण हाच आवाज महिनाभर गाव विहाराच्या कर्ण्यावरून ऐकत होतं. विहाराचं छप्पर गळत होतं, त्यासाठी दान गोळा होत होतं आणि तिथेही करामत वीरायुतचीच होती. समोरच्या ओसरीवर चटई विणत बसलेल्या थोंगमुआन आजीने काम टाकून हात जोडले. "साधु, साधु. छपराची गाडी आली गं," तिने हाक दिली आणि वर म्हणाली, "सरपंचीणबाई असून वीसच?"

आजूबाजूच्या चार बायका हात जोडूनच बाहेर आल्या. आता 'ते भाजीचे होते' म्हणायचं कसं? विलाईवानने जुडी पाठीमागे लपवली आणि दात आवळून फोन दाबला. "पाचशे बाट मिळाले," कर्णा म्हणाला.

मागच्या गल्लीत गिरणीवाल्याची बायको रुंगनापा हे ऐकत होती. तिचं आणि सरपंचीणबाईंचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भाजीवालीचं खातं तिच्या फोनमध्ये होतंच. घराबाहेर पाऊल न टाकता तिने हजार बाट सोडले आणि मग गावाला चेवच चढला.

"अहो, भाजी घ्या," लामदुआन गल्लोगल्ली सांगत होती.

"भाजी असू दे, मावशी. आज पुण्याचं काम चाललंय तुमचं."

लोक बाहेर येत, गाडीला नमस्कार करत आणि घरात जात. कुणी टोमॅटोंवर साबणाच्या वड्या ठेवल्या. एका म्हाताऱ्याने भंतेंना द्यायची, सामानाने भरलेली दानाची बादली मिरच्यांवर आदळली. ऊन चढत होतं, मासे माना टाकत होते. दुपारपर्यंत माल खपला नाही तर उद्या बाजारात घालायला भांडवल कुठून आणायचं, या विचाराने लामदुआनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने माइक ओढला.

"मी भाजी विकतेय. मला दान नको. एकानेही पैसे पाठवू नका."

"तीनशे बाट मिळाले," कर्ण्याने तिचं बोलणं तोडलं.

"बघा, किती निर्मोही बाई आहे," लोक एकमेकांना म्हणाले आणि आणखी पाठवू लागले.

भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली. वायर असती तर तिने मुळापासून उपटली असती. फोन बंद करावा, तर पुन्हा उघडायचा आकडा फक्त जावयाला ठाऊक. आणि जावई गिरणीच्या खडखडाटात फोन उचलत नव्हता. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ती वळली, तर पुढ्यात स्कूटर आडवी घालून विहाराचे खजिनदार बुनथाम उभे. ही वरात बघायला गावही मागे जमलेलं.

"विहाराच्या नावाने पैसे गोळा करायला तुला कुणी सांगितलं? याला चोरी म्हणतात."

चोरी हा शब्द तिच्या काळजात घुसला. आयुष्य या गल्ल्यांत तराजू धरण्यात गेलं, कधी कुणाला मिरची कमी तोलली नव्हती. "तुमचे असतील ते घ्या," ती म्हणाली, "भाजीचे तेवढे माझे ठेवा. कुणाचे कशाचे, ते यांनाच विचारा."

बुनथामनी विचारलं. विलाईवान पाठीमागची जुडी सावरत म्हणाली, "माझे सगळे छपरालाच." रुंगनापाचेही छपराला. सकाळी मासा घेतलेला एक जण तो मासा हातात धरून म्हणाला, "हा तर मावशींनी प्रसाद म्हणून दिला." भाजीचा एक बाट कबूल करायला कुणी तयार नव्हतं.

"मग घ्या. सगळेच घ्या," लामदुआन म्हणाली. "छप्पर घाला, नाहीतर माझ्या डोक्यात घाला." आणि खात्यात होतं नव्हतं ते तिने विहाराला पाठवून दिलं.

क्षणभराने विहाराचा कर्णा बोलला. "श्रीमती लामदुआन यांच्याकडून आठ हजार चारशे साठ बाट मिळाले."

"साधु, साधु, साधु," आजी म्हणाली. आत्ता चोर म्हणणाऱ्या बुनथामनीही हात जोडले.

रुंगनापाचा चेहरा पडला. "म्हणजे माझे हजार हिच्या नावावर? काका, ते बदला."

"कर्ण्यावरून गेलं ते गेलं, वहिनी."

"असं असेल तर माझे भाजीचेच होते," विलाईवान पुढे सरसावली. "दे मला पाचशे वीसची भाजी."

"माझेही भाजीचेच," मागून दहा आवाज उठले आणि गाडीभोवती हातच हात झाले.

लामदुआनचा संताप आता इतका वाढला होता की आवाज हळू निघाला. "आत्ता या काकांसमोर छपराला दिले म्हणालात. दिलेलं दान परत मागायचं असेल त्याने भंतेंकडे जावं."

भंतेंकडे कुणी गेलं नाही. दुपार डोक्यावर आली होती, घरोघरी चुली थंड होत्या आणि उद्या सकाळपर्यंत गावात दुसरी गाडी येणार नव्हती. लामदुआनने फोन बंद केला आणि वांग्यांच्या क्रेटमध्ये फेकून दिला.

"भाजी हवी त्याला देते. रोख."

विलाईवान घरी गेली आणि बऱ्याच वेळाने मुठीत नाणी घेऊन आली. लामदुआनने तिच्या दुसऱ्या हातातून नाळीची जुडी काढून घेतली, ती सुकली होती तरी तराजूत ठेवली आणि म्हणाली, "वीस."