तेहतीस किलोमीटर कमी

माझं शिक्षण चौथीपर्यंतच. ऱ्हस्वदीर्घ चुकतं, अक्षरही वाकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती. इथे हैदराबादेत आमच्या शेजारच्या माणिककाकांनी मला असा काही धक्का दिला, की तो लिहून ठेवल्याशिवाय चैन पडेना.

माणिककाकांकडे उंच, काळी सायकल आहे. रोज पुसलेली, तेल दिलेली, चाकांत हवा भरलेली. पण ते तिच्यावर बसत नाहीत. नल्लकुंट्यात भाजी आणायची असो की काचीगुड्याला औषध, हँडल धरून तिच्या शेजारून चालत जायचं. आम्ही राहायला आलो त्याला बारा वर्षं झाली, एकदाही त्यांना सीटवर पाहिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "हल्लू हल्लू. घाई कुणाला आहे?" आमचे हे म्हणायचे, "काका सायकलला फिरवून आणतात."

दुसरी खोड वजनाची. बेगम बाजारात मसाल्याच्या घाऊक दुकानात काकांनी चाळीस वर्षं काट्यावर काम केलं. हातात काही आलं की वजन तोंडातून बाहेर पडतंच. माझी मुलगी लहान असताना तिला उचलून घेतलं आणि म्हणाले, "अकरा किलो तीनशे. आजारी होती का?" होती. मी चार घरच्या पोळ्या करते. डबा हातात घेतला की काका सांगायचे, "वहिनी, आज एक पोळी कमी पडली." मोजायची, तर खरंच कमी.

त्यांची बायको आम्ही येण्याआधीच गेली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत आणि मी पुरुषमाणसाला विचारणारी नव्हे.

आमच्या वर पुण्याचा नीरज राहतो, कंप्युटरवाला. त्याच्या मित्रांनी हैदराबाद ते श्रीशैलम सायकलवर जायचं ठरवलं. अंतर दोनशे दहा किलोमीटर, शेवटी जंगल आणि घाट. प्रत्येकाने ओळखीच्यांकडून किलोमीटरमागे काही रुपये आगाऊ घ्यायचे. त्या पैशांतून सरकारी दवाखान्याच्या अंगणात पडून राहणाऱ्या, पेशंटच्या नातेवाइकांना जेवण मिळणार होतं.

काकांनी नाव दिलं.

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. नीरज चाचरत म्हणाला, "काका, म्हणजे... चालवायची आहे हं. बसून."

"माहीत आहे. शिकलेलं विसरतं होय?"

कोपऱ्यावरचा किराणावाला यादगिरी पोट धरून हसला. "काका, दिलसुखनगर तक गए तो बहुत है! मेरे दस रुपये लिखो किलोमीटर को!" आगाऊ एकवीसशे द्यायचे म्हटल्यावर त्याचं हसू थांबलं. "और नहीं गए तो?"

"जेवढं कमी, तेवढं परत," काका म्हणाले. "माझी जबान."

मी किलोमीटरला एक रुपया दिला. दोनशे दहा रुपये.

निघायच्या सकाळी सगळी गल्ली बाहेर आली होती. पोरं पिसासारख्या हलक्या सायकली घेऊन उभी, अंगाला चिकटलेले कपडे घातलेली. काका धोतरात आले आणि सायकलच्या कॅरिअरवर तांदळाचं पोतं! दोरीने आवळून बांधलेलं.

"काका, हे काय?" नीरज जवळजवळ ओरडलाच.

"तांदूळ."

"पण घाट आहे!"

"हल्लू हल्लू," काका म्हणाले, टांग टाकली आणि गेले. सरळ, न डगमगता. यादगिरीच्या हातातला चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीरजचा फोन आला. काकांचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. पोतं सोडा म्हटलं तर सोडेनात. श्रीशैलम तेहतीस किलोमीटर, असं लिहिलेल्या दगडाला टेकून बसले होते. शेवटी पोरांनी त्यांना, पोत्याला आणि सायकलला उचलून टेम्पोत घातलं. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

गल्लीने हार आणला. एकशे सत्याहत्तर किलोमीटर काय थोडे? काकांनी हार घेतला नाही. गुडघ्याला फडकं बांधून दुसऱ्या दिवसापासून ते दारोदार फिरू लागले, पेन्शनचे पैसे घेऊन. अकरा घरं होती. प्रत्येकाला तेहतीस किलोमीटरचे पैसे परत.

"धर्मासाठी दिलेले पैसे कुणी परत देतं का?" आमचे हे म्हणाले.

"माल कमी गेला, पैसे पूर्ण कसे ठेवू?" काका म्हणाले. "चाळीस वर्षांत एकदाही कमी तोललं नाही."

यादगिरीने तीनशे तीस रुपये मोजून घेतले. संध्याकाळी माझ्याकडे पिठाची पिशवी ठेवून गेला. "अम्मा, तीन सौ तीस का आटा है. किसी गरीब को खिलाओ. काका को मत बोलो."

माझं घर शेवटचं. काकांनी तेहतीस रुपये उंबऱ्यावर ठेवले. मी मागे सारले. त्यांनी पुढे सारले. असं तीनदा झालं. मग मला कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "काका, ते पोतं नसतं तर पोचला असता. कशाला बांधलं?"

ते सायकलच्या कॅरिअरकडे वळले.

"अडतीस किलो आहे," म्हणाले. "मी स्वतः तोललं. आमची ही अडतीस किलोची होती. मागे बसायची. त्याच दवाखान्यात गेली. एकोणीस दिवस मी अंगणात बसून होतो. मागे वजन नसलं की मला चालवता येत नाही, वहिनी. तोल जातो."

मी पदर तोंडाला लावून आत गेले, यादगिरीच्या पिठाकडे बघितलं आणि बाहेर आले.

"मला पैसे नकोत. किलोमीटर द्या. दवाखाना इथून तीन किलोमीटर. रोज वीस पोळ्या देते, तुम्ही पोचवा."

काकांनी विचार केला. "येतानाची रिकामी फेरी धरायची नाही."

"नका धरू."

"मग अकरा दिवस."

पहिल्या दिवशी पोतंही बरोबर गेलं. ते दवाखान्यात देऊन काका परत आले, सायकल हाताने धरून, चालत. दुसऱ्या दिवशी कॅरिअरवर माझा एवढासा डबा. मी खिडकीआडून बघत होते. काकांनी डबा हलवून बघितला, दोरी ओढली, कॅरिअरवरून एकदा हात फिरवला आणि टांग टाकली. सायकल थोडी डुगडुगली. मग सरळ झाली.

अकराव्या दिवशी परत येऊन ते दारात उभे राहिले. "वहिनी, फिटलं. तेहतीसच्या तेहतीस." रिकामा डबा दिला. जायला वळले, पण कुठे जायचं ते ठरत नसल्यासारखे हँडल धरून तिथेच घुटमळले.

बाराव्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर काका सायकल पुसत उभे. मी डबा भरून हातात दिला.

त्यांनी तो तोलला आणि भुवया वर गेल्या. "आज एक पोळी जास्त आहे."

"ती तुमची," मी म्हटलं.