वरच्या मजल्यावरची संशोधन संस्था

मी एकदा कोलंबीच्या कालवणाचं पातेलं वॉशिंग मशीनमध्ये लपवलं होतं. नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, सीरियसली?" सीरियसली. तिशी ओलांडली होती, अक्कल अजून वाटेत होती.

नव्वदच्या दशकात आम्ही कुवेतला, अबू हलीफात राहायचो. हे हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन. मी घरी, जवळच्या मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत कामाला आलेल्या कोकणातल्या एकट्या माणसांचे डबे करायचे. लायसन वगैरे काही नव्हतं. बलदियाचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस आला की आपली रवानगी थेट मालवणला, एवढंच मला ठाऊक.

एका शुक्रवारी बेल वाजली. दाराच्या भिंगातून टाय दिसला आणि फाइल दिसली. पातेल्याचं तुम्हाला सांगितलंच. मशीन दारासमोरच होतं; त्याचं झाकण लावून मी दार उघडलं.

"नमस्कार वहिनी. घरात स्वयंपाक कोण करतं?"

बलदियाने खास मला पकडायला मराठी माणूस नेमलाय, असं मला वाटलं. स्वतःबद्दल तेव्हा माझं मत फार थोर होतं.

"कोणीच नाही. आम्ही बेकरीतला खबूस आणून खातो. कोरडा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

संध्याकाळी हे पोट धरून हसले. तो माणूस म्हणजे वरच्या मजल्यावर नवे आलेले बर्वे. रिफायनरीत इंजिनियर, बायको आणि मुलगा शाळेपायी डोंबिवलीला, आणि दारावर पाटी: 'कुवेत मराठी धोरण संशोधन संस्था'. संचालक तेच, संशोधक तेच, शिपाईही तेच. इथल्या मराठी माणसाची स्थिती अभ्यासायची आणि शिफारशी करायच्या. कोणाला पाठवता, विचारलं तर म्हणायचे, "योग्य त्या ठिकाणी." योग्य ते ठिकाण म्हणजे त्यांचं कपाट. आणि मत काहीही विचारा, उत्तर एकच. बर्वे, लिफ्ट बंद आहे का हो? "एकदाच बटण दाबलं. नमुना लहान आहे."

मी खरं सांगायला वर निघाले, तर बर्वेच दारात, हातात स्टीलचा डबा. "संस्था नुसते अहवाल लिहीत नाही, वहिनी."

आत वरणभात. फाइलवाला माणूस, डब्यांचा धंदाही लिहून काढेल, म्हणून मी गप्प बसले. मग दर शुक्रवारी वरणभात. त्या वरणात डाळीची आणि पाण्याची अजून ओळखही झालेली नसायची. निरीक्षणासाठी बर्वेही आमच्याच टेबलाशी जेवायला बसायचे. मी ह्यांच्या ताटात जास्त वाढायला गेले की हे पुटपुटायचे, "कोरडा खबूस तू खातेस, मी नाही."

पुढे तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बर्व्यांनी अहवाल वाचला. "अबू हलीफातील एका कुटुंबात लग्नापासून चूल पेटलेली नाही. नाव गोपनीय." आणि माझ्याकडे बघून अदबीने मान लववली. "शिफारस: शेजाऱ्याने दर शुक्रवारी वरणभात पोचवून सोबत जेवण्याची योजना कायम ठेवावी."

मागच्या रांगेतून आमचं गिऱ्हाईक, वेल्डर बाबी परब, उठला. "ही वैनी? सायबानू, मगे आमचो डबो कोण करता?"

हॉल हसून लोळला. लायसनचं कोणाच्या मनातही आलं नाही. हे तोवर बाहेर चपला शोधत होते. बर्व्यांनी कागद घडी केले, "नमुना लहान होता," म्हणाले आणि बसले.

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली नाही. दुपारी ताटं पुढे घेऊन आम्ही नुसतेच रेंगाळलो. शेवटी त्यांच्याच डब्यात आमटीभात भरून मी वर गेले. दार उघडल्याबरोबर म्हटलं, "बर्वे, मी खोटं बोलले. तुमचं चारचौघांत हसं झालं."

त्यांनी डबा घेतला, झाकण जरा उचलून वास घेतला.

"मशीनच्या दारातून रस्सा गळत होता, वहिनी. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग ती शिफारस कशाला केलीत?"

"एकट्यापुरतं वरण लावायला हात उठत नाही हो."