भाग न जाणारी बिल्डिंग

खालच्या मजल्यावरचे दिघे वाढदिवसाला शुभेच्छा देत नाहीत. दारात येऊन विचारतात, "पूर्ण झालं ना वर्ष? पक्कं?" आणि चालते होतात.

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांची वयं ते पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत एकापुढे एक लिहितात. त्याचा हातभर लांब एकच आकडा होतो. तो मूळ संख्या निघावा, एवढाच त्यांना ध्यास. मी चौथी पास. मला समजलं ते इतकंच, की त्या आकड्याचे कुणालाही सारखे वाटे करता येत नाहीत.

दिघे वीज खात्यातून रिटायर झालेले, एकटे. जगात त्यांना दोनच जाती दिसतात. शिळे पोहे, पुढारी, पुण्याचा भाचा: "भाग जातो!" सराफ्यातली गरम जिलबी: "भाग जात नाही, भिया!"

शेवटचं घर माझं. मी अठ्ठ्याहत्तरची होते तेव्हा ते जिन्यात तोंड फिरवायचे.

"ताई, तुमच्यामुळे अख्खी बिल्डिंग दोनने जाते."

"मग काय मरू?"

"नको, नको. एकोणऐंशी व्हा."

झाले. त्याच दिवशी ते पडलेल्या चेहऱ्याने वर आले. "तीनने गेला. उद्या जोशांची छोटी सहाची होणार, मग आकडाच बदलणार. आणि रविवारी भाचा मला पुण्याला न्यायला येतोय. म्हणतो, मामा, इथे तुमचं आहे कोण?"

या दोन्हींचा संबंध मला कळेना. मी आकड्याचा कागद त्यांच्या हातातून घेतला. शैला सत्तावन्न. शेजारी तिचा मुलगा, बेचाळीस. दिघ्यांना घेऊन मी तिचं दार वाजवलं.

"शैला, पंधराव्या वर्षी बाळंत झालीस का गं?"

"काहीही काय, ताई! लोक ऐकतायत."

"ऐकू देत. बारशाला मीच होते. तू तेव्हा बी.ए. होऊन बसली होतीस."

दिघ्यांनी हात जोडले. "शैलाजी, बिल्डिंग का सवाल है."

"चौसष्ट!" ती अशी ओरडली, की रस्त्यावरचा भाजीवाला थबकला. "घ्या! चौसष्ट!"

दिघे कॉम्प्युटरकडे धावले. जरा वेळाने खालून थाळी वाजू लागली. "नाही जात! कशानेच भाग जात नाही!"

सगळी बिल्डिंग जिन्यात जमली. जिलब्या आल्या. शैला तर ज्याला त्याला पकडून चौसष्ट सांगत होती, जणू पदकच मिळालंय.

दिघ्यांचा वाटा घेऊन मी खाली गेले, तेव्हा ते फोनवर होते. "नाही येत मी. अरे, माझे त्र्याहत्तर काढले ना, तर ही बिल्डिंग तीनने जाते."

भाचा हसला असावा. दिघ्यांनी फोन कानापासून लांब धरला.

अंकांची बेरीज तीनने गेली की आकडाही जातो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. घरी येऊन त्यांचे सात आणि तीन वगळून त्याच कागदावर बेरीज केली. बरोबर गेली.

रविवारी भाचा आला, तेव्हा तो कागद मीच त्याच्यापुढे ठेवला. म्हटलं, "कर बेरीज." त्याने दोनदा केली. चहा प्यायला आणि एकटाच परत गेला.

जोशांची छोटी तोवर सहाची झाली होती. ते त्याला कुणी सांगितलं नाही.