आधी लोखंड, मग जमीन

त्या रविवारी सकाळी आम्ही विवळवेढ्याहून महालक्ष्मीचं दर्शन घेऊन आशागडला घरी आलो. अंगणात गाडी थांबली. माझी बायको मंजुळा हिने गाडीच्या दारातली लोखंडी कडी घट्ट धरली, मग एक पाय खाली, मग दुसरा, आणि मगच कडी सोडली.

"अहो, आधी लोखंड, मग जमीन," ती म्हणाली.

मी नेहमीसारखा तसाच उतरलो. दार लोटायला हात लावला आणि चट्ट! बोटातून ठिणगी. मी कचकचीत शिवी दिली.

"देवीच्या पायाशी जाऊन आलात ना आत्ताच?" ती हसत आत गेली. आमचं एकत्र फिरणं तेवढंच उरलं होतं. आम्हाला काय ठाऊक.

मी चौथी शिकलेला. चिकूचे क्रेट वाहायला जुनी व्हॅन घेतली, तिला हौसेने लाल मखमली सीटकव्हर घातली. अंगात माझ्या टेरिकॉट. थंडीत हवा कोरडी झाली की उतरताना चटका ठरलेला. गॅरेजवाल्याने मंजुळाला समजावलं, कापड कापडाला घासून अंगात वीज भरते. उठतानाच लोखंड धरलं तर ती गुपचूप निघून जाते. झालं. बाईने वेल्डिंगवाला घरी आणला आणि दोन्ही दारांना गोठ्यात असतात तसल्या कड्या डकवून घेतल्या.

"गाडी आहे की गोठा?" मी ओरडलो.

"बैल आहे ना एक," ती म्हणाली.

माझ्या सीटवर ती तिचं जुनं सुती लुगडं अंथरायची. मी ते रोज मागे फेकायचो. मखमल काय झाकायला घातली होती? तिचं मागणं एकच होतं, मी कडी धरावी. मी चार हिवाळे धरली नाही. बायको सांगते म्हणून गाडीतून उतरायला शिकायचं, या वयात?

दुसऱ्यांनाही सोडायची नाही. नरपडच्या एका लग्नाला नवरदेव आमच्या व्हॅनमधून नेला. भरजरी शेरवानी, मखमली सीट, सगळ्या वाटेभर तो चुळबुळतोय. मांडवाशी मंजुळा ओरडली, "पोरा, आधी लोखंड!" तो लाजला, उडी मारून उतरला. ओवाळायला सासू पुढे आली, टिळ्याचं बोट कपाळाला टेकवलं आणि चट्ट! सासू गुजराती घरातली, "ओ मा रे!" करून मागे सरली, ताट पडलं, दिवा विझला. अपशकुन, अपशकुन म्हणून बायका कुजबुजायला लागल्या. मंजुळाने ताट उचललं, दिवा लावला, नवरदेवाचा हात धरून कडीला लावला. "आता टेकवा बोट," म्हणाली. काही झालं नाही. जेवताना तिला पहिली पंगत मिळाली. परत येताना मला म्हणते, "नवरदेव शहाणा हो. एकदाच चटका बसला, शिकला."

देवीहून आलो त्याच रविवारी दुपारी ती ओसरीवर चिकू निवडत होती. निवडता निवडता बसल्या जागी गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय.

संध्याकाळी सगळं उरकलं. तलासरीची माझी मेहुणी गंगू आली होती, ती माझ्याजवळ बसली. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "कडीचं खूळ घेऊन गेली तुझी ताई. चटक्याला फार भ्यायची."

गंगू बघतच राहिली. "दाजी, ताईला कधी बसलाय चटका?"

मी आठवायला लागलो. एकही आठवेना.

"ती जन्मभर सुती नेसली. सुतीला सहसा बसत नाही. तुमच्या छातीत दुखलं होतं ना, तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं होतं, एखादा चटका काळजाला लागेल म्हणून. तुम्ही बघून शिकाल म्हणून ती कडी धरायची."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही हसला असता."

हसलो असतो. माझ्या काळजाची काळजी करत बसली, आणि बंद पडलं तिचं.

रात्रभर मी आत-बाहेर, आत-बाहेर करत होतो. उजाडल्यावर व्हॅनकडे गेलो. कुठे जायचं नव्हतं. तिच्या बाजूची कडी चांदीसारखी चकचकीत होती. माझ्या बाजूची गंजून लाल. मागे फेकलेलं लुगडं शोधलं, पण अंथरलं नाही, मांडीवर घेतलं. मखमलीवर बसलो, थोडा सरकलो. मग कडी धरली, एक पाय खाली, मग दुसरा.

दार लावलं. चटका बसला नाही. तळहात तेवढा गंजाने लाल झाला.